दुभत्याच्या कपाटातील पर्णकीटक : इंदूरमधील एका घराचा प्रकरण अभ्यास

इंदूरच्या सुदामा नगरातील एका मराठी कुटुंबाने मार्च ते डिसेंबर या काळात पर्णकीटक, म्हणजे हुबेहूब पानासारखे दिसणारे कीटक, पाळले. त्यांची देखभाल प्रामुख्याने घरातील बारा वर्षांच्या मुलीने केली, तिला आजी-आजोबांची साथ होती, आणि मी, प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आणि आजोबांचा जुना स्नेही, सल्लागार म्हणून अधूनमधून जात होतो. एकोणीस पिल्ले निघाली आणि त्यांपैकी सात प्रौढ झाली. मेलेल्या बारा पिल्लांची कारणे तीन निरनिराळी होती, आणि त्यांतील एकही पर्णकीटकांविषयीच्या इंग्रजी माहितीपत्रकांत ठळकपणे लिहिलेले आम्हांला आढळले नाही. ही माहितीपत्रके पर्णकीटकाला ‘नवशिक्यांसाठी सोपा पाळीव प्राणी’ म्हणतात. तो तसा आहे, पण कोणत्या घरात, हा प्रश्न त्यांत गृहीत धरलेला असतो, आणि तोच येथे तपशीलाने मांडायचा आहे.

अंडी आली ती कर्नाटकातील कोडगूहून (कूर्गहून). मुलीच्या आईची मावशी तेथील एका कॉफीच्या मळ्यावर राहते. नोव्हेंबरमध्ये तिच्या परसातील पेरूच्या झाडावर एक मादी दिसली. मावशीने तिला चार-पाच दिवस वेताच्या झाकलेल्या टोपलीत पेरूच्या डहाळीसह ठेवले आणि मग त्याच झाडावर परत सोडून दिले. तेवढ्या दिवसांत टोपलीच्या तळाशी चौतीस अंडी साठली होती. ती तपकिरी, कंगोरेदार आणि एखाद्या रानफळाच्या बीसारखी दिसत होती. मावशी डिसेंबरमध्ये इंदूरला लग्नाला आली, तेव्हा ती अंडी औषधाच्या रिकाम्या डबीतून बरोबर घेऊन आली.

मूळ कोठून आले, हे मी पहिल्याच भेटीत विचारून घेतले. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवान्यावाचून कोणताही वन्य जीव उचलणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि परदेशातून जिवंत कीटक किंवा त्यांची अंडी मागवायची तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना लागतो. पाकिटातून अंडी घरपोच देणारे विक्रेते ही गोष्ट सांगत नाहीत. येथे अंडी स्वतःच्या परसातील होती आणि मादी जागेवर परत गेली होती, म्हणून मी पुढे सल्ला देण्यास तयार झालो.

नेमकी जात कोणती, हे मी ठरवलेले नाही. दक्षिण भारतातील पर्णकीटकांना पूर्वी सरसकट ‘बायोक्युलेटम’ म्हणत असत. २०२३ मध्ये नैऋत्य भारतातील कीटकांना पल्क्रिफिलियम अनंगु ही वेगळी जात म्हणून नाव मिळाले. आमचे कीटक बहुधा त्याच गोतावळ्यातले असावेत, परंतु तज्ज्ञाने नमुना तपासल्याशिवाय नाव चिकटवणे योग्य नाही. आजींनी त्यांना ‘पानकिडे’ म्हटले आणि घरात तेच रूढ झाले.

पहिली पाच पिल्ले

अंडी ओलसर वाळूवर, झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात ठेवली होती. २६ मार्चच्या सकाळी पहिले पिल्लू दिसले. ते दीडेक सेंटीमीटर लांब आणि काळपट-तांबूस होते, आणि पान म्हणून ओळखू येईल असे त्याच्यात काहीही नव्हते. ते मुंगीसारखे चपळ धावत होते आणि जे सापडेल त्यावर वर वर चढत होते. हिरवा रंग पाने खाल्ल्यानंतर काही दिवसांनी येतो. १४ एप्रिलपर्यंत एकोणीस पिल्ले निघाली, बाकीची अंडी फुटली नाहीत.

परसात पेरूचे झाड होते. इंदूरच्या घरांत त्याला जाम म्हणतात, आणि आजीही ‘जामाची पाने’ असेच म्हणत. मुलीने कोवळी, लालसर टोकाची पाने वेचून दिली. तिचा तर्क स्वाभाविक होता : लहान बाळाला मऊ अन्न. पण ती पाने उन्हाळ्याच्या हवेत दोन तासांत मलूल होऊन गुंडाळत आणि पिल्ले त्यांच्यावरून नुसती धावत राहत. पाच दिवसांत पाच पिल्ले मेली. आजोबांचा समज असा झाला की ती दवावर जगत असावीत आणि पाणी कमी पडले.

हा समज जुना आहे. मॅगेलनच्या सफरीवर असलेला इटालियन पिगाफेत्ता याने १५२१ मध्ये बोर्निओजवळच्या एका बेटावर चालणारी पाने पाहिली, त्यांतले एक नऊ दिवस पेटीत ठेवले आणि ती केवळ हवेवर जगतात असा निष्कर्ष नोंदवला. पर्णकीटक पाळण्याची मला ठाऊक असलेली ही सर्वांत जुनी नोंद, आणि तीही उपाशी ठेवण्याची.

उपाय साधा होता. पूर्ण वाढलेले पण जून न झालेले, गडद हिरवे पान घ्यायचे आणि त्याची कडा कात्रीने चार-पाच मिलीमीटर कापून टाकायची. पिल्लू पान कडेकडूनच कुरतडते. पेरूच्या पानाची मूळ कडा जाड व चिवट असते, तर ताज्या कापलेल्या कडेवर त्याचे जबडे बसतात. डहाळी पाण्याच्या बाटलीत उभी करून बाटलीचे तोंड कापसाने बंद करायचे, नाहीतर पिल्ले देठावरून खाली उतरून पाण्यात बुडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने फोन केला : “सर, पानाला चंद्रकोरीसारखे खाचे पडलेत! अकरा मोजले.” त्यानंतर उपासमारीने एकही पिल्लू गेले नाही.

कपाट आणि माझी चूक

तोपर्यंत पिल्ले लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत होती आणि बरणीच्या आतल्या बाजूला सकाळी दव साठत असे. कोंदट, साचलेल्या हवेत बुरशी येते, म्हणून चारही बाजूंनी हवा खेळेल अशी जागा शोधा, असे मी सांगितले. आजींनी माळ्यावरून त्यांच्या सासूबाईंचे दुभत्याचे कपाट खाली काढले. सागवानी चौकट, तिन्ही बाजूंना आणि दारालाही बारीक जाळी आणि आत दोन फळ्या असे ते कपाट होते. दूधदुभत्याला मुंग्या लागू नयेत म्हणून त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी पद्धत होती, आणि पितळी वाट्याही शिल्लक होत्या. कीटक पाळणाऱ्याला यापेक्षा चांगले साधन बाजारात मिळणार नाही. मुंग्या हा पिल्लांचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे. त्यांचा बंदोबस्त त्या वाट्यांनी वर्षभर चोख केला. मधली फळी काढून टाकली, कारण कात टाकताना कीटकाला उलटे लोंबकळण्यासाठी त्याच्या लांबीच्या निदान दुप्पट-तिप्पट मोकळी उंची लागते.

कपाट मुलीच्या खोलीत ठेवले. रात्री तेथे एसी चालू असे.

२२ ते २८ एप्रिल या आठवड्यात पहिल्या तुकडीची पहिली कात पडली. चार पिल्ले अडकली. त्यांतले एक मी स्वतः भिंगातून पाहिले. पाठीवरची त्वचा नेहमीप्रमाणे उकलली होती, डोके व पुढचे पाय बाहेर आले होते, अंग ओल्या फिक्या हिरव्या रंगाचे होते, परंतु डावीकडचे मधले व मागचे पाय जुन्या कातीतच राहिले होते आणि ती कात कांद्याच्या सुक्या टरफलासारखी कडक होऊन कुरकुरत होती. पिल्लू त्या दोन पायांवर उलटे लटकत स्वतःला वर ओढण्याचा प्रयत्न करी, थांबे, पुन्हा ओढे. एरवी तासाभरात संपणारे हे काम दुपारपर्यंत चालले. आम्ही पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने कात भिजवली. एक पाय सुटला, एक तुटला. चारांपैकी तीन मेली, हे तुटक्या पायाचे जगले.

आर्द्रतामापक आणून लावला, तेव्हा कपाटात २१ टक्के आकडा दिसला. या कीटकांना साठ-सत्तर टक्क्यांहून अधिक दमट हवा मानवते. माळव्यातील एप्रिल-मेची हवा मुळातच कोरडी, त्यात एसी उरलासुरला ओलावा शोषून घेतो, आणि चारही बाजूंना जाळी. खेळती हवा हवी हा सल्ला इंग्लंड-जर्मनीतील दमट घरांसाठी योग्य आहे. मी तो इंदूरच्या एप्रिलला जसाच्या तसा लावला. ही तीन पिल्ले माझ्या सल्ल्याने गेली, असेच मी माझ्या वहीत लिहिले आहे.

दुरुस्ती दोन गोष्टींनी झाली. कपाट पुढच्या खोलीत आणले, जेथे दिवसभर कूलर चालतो. कूलरची हवा एसीच्या उलट, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांतून पाणी घेऊन येते. कपाट झोताच्या समोर न ठेवता कोपऱ्यात ठेवले. शिवाय तिन्ही बाजूंच्या जाळीवर माठाला गुंडाळतात तशी ओली सुती फडकी टाकली. दार तेवढे उघड्या जाळीचे राहू दिले. संध्याकाळी पानांवर बारीक फवारा, म्हणजे पिल्लांना थेंब पिता येतात. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे घरात भरून ठेवलेले शिळे पाणी नेहमीच असते आणि फवाऱ्याला तेच वापरले. आर्द्रता ५५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान राहू लागली. आदर्श नव्हे, पण मे महिन्यात बाहेर ४१ अंश असताना एकही कात अडकली नाही. डासांसाठी कूलरच्या पाण्यात रॉकेलचे थेंब टाकण्याची सवय मात्र आजोबांना सोडावी लागली.

तुटक्या पायाच्या पिल्लाला पुढच्या कातीत त्या जागी एक वाकडा, बारीक पाय आला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कातीत तो मोठा होत गेला. मुलीने प्रत्येक वेळी पट्टीने मोजून वहीत लिहिले. सोललेली कात बहुतेक पिल्ले स्वतःच खाऊन टाकत. सकाळी उठून पाहावे तर पुरावा गायब.

२४ जूनची रात्र

जूनमध्ये अकरा पिल्ले होती आणि सगळी धडधाकट, हिरवी, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानाचे पाते फुटलेली. त्या सुमारास परसातील जामाची छाटणी झाली होती, म्हणून आजोबांनी एका रोपवाटिकेतून कुंडीतले पेरूचे रोप आणले. २५ जूनच्या सकाळी कपाटाच्या तळाशी चार पिल्ले पाठीवर पडलेली होती. त्यांचे पाय थरथरत होते, एकाचे पाय आखडून पोटाशी आले होते. संध्याकाळपर्यंत चारही मेली.

माझा पहिला संशय रोपवाटिकेच्या रोपावर गेला, आणि तो मी जरा जास्तच ठामपणे बोलून दाखवला. विक्रीच्या रोपांना मुळांतून शोषली जाणारी कीटकनाशके दिलेली असतात व ती पानांत आठवडे टिकतात, हे खरे आहे. परंतु मुलीने एक गोष्ट लक्षात आणून दिली. आदल्या संध्याकाळी फोटो काढण्यासाठी तिने तीन पिल्ले त्याच रोपाच्या डहाळीसह गॅलरीतील झाकणाच्या टोपलीत ठेवली होती आणि परत कपाटात टाकायला ती विसरली होती. त्या तिघांनी रात्रभर तीच पाने खाल्ली होती आणि ती ठणठणीत होती. म्हणजे दोष पानांत नव्हता, खोलीत होता.

खोलीत काय बदलले, हे विचारल्यावर उत्तर मिनिटभरात मिळाले. दोन दिवसांपूर्वी पाऊस सुरू झाला होता, कूलर बंद करून खिडक्या उघडल्या होत्या, डास आत आले होते, आणि २४ तारखेच्या रात्री वर्षातले पहिले डासांचे लिक्विड मशीन लावले गेले होते. त्याचा सॉकेट कपाटाच्या मागे होता. कपाटातली मेलेली चारही पिल्ले त्या बाजूच्या डहाळीवर असायची. वाचलेली चार पुढच्या, दाराजवळच्या डहाळीवर होती.

या यंत्रांतील द्रव पायरेथ्रॉइड गटातील असतो. तो कीटकांच्या मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग बंद होऊ देत नाही, त्यामुळे स्नायूंना एकसारखे आदेश जात राहतात. थरथर, पाठीवर पडणे आणि मग लुळेपणा हा क्रम त्यातूनच येतो. डासाला मारणारे रसायन पर्णकीटकाला ओळखून सोडून देणार नाही, हे मला शिकवण्याच्या दिवसांपासून ठाऊक होते. तरीही मार्चपासून एकदाही ‘घरात डासांसाठी काय लावता?’ हा प्रश्न मी विचारला नव्हता. अडकलेली कात आणि विषबाधा यांतला फरक मात्र या प्रकरणामुळे स्पष्ट झाला. कोरडेपणाने मरणारे पिल्लू जुन्या त्वचेत अडकलेले, लटकलेले सापडते आणि एकेक करून जाते. विषबाधेत कातीचा काळ नसतानाही अनेक पिल्ले एकाच रात्रीत तळाशी, उताणी सापडतात.

यंत्र पुढच्या खोलीतून कायमचे गेले. माणसे मच्छरदाणीत झोपू लागली. झुरळांचा खडू, फवारा आणि दिवाळीपूर्वीचे पेस्ट कंट्रोल यांचीही यादी करून ती फ्रिजवर लावली. धुपाची कांडी देवघरापुरती राहिली. आजींनी त्यावर फक्त एवढेच म्हटले, “आता किड्यांसाठी घरातले किडे सांभाळायचे.”

उरलेली सात

पावसाळ्यात फारसे काही घडले नाही. फडकी काढून टाकली, विष्ठा रोज झाडली, बुरशी एकदा दिसली. दहा-बारा पानांच्या डहाळीवर सात मोठी पिल्ले दाटीने बसली की एकमेकांच्या कडा पान समजून कुरतडतात. दोघांच्या पोटाच्या पात्याला तसे खाचे पडले, म्हणून डहाळ्या दुप्पट केल्या.

ऑगस्टअखेर दोन नर प्रौढ झाले. ते बारीक, लांब मिशांचे आणि उडणारे निघाले. पहिल्याच रात्री एकजण दार उघडताच निसटला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर जाऊन बसला. सुदैवाने छताचा पंखा बंद होता. पाच माद्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेवटची कात टाकून पूर्ण झाल्या. मादीचे वरचे पंख मिटले की त्यांवरच्या शिरा अशा जुळतात की मधली शीर, फाटे, सगळे पानाचे. फुंकर मारली की ती वाऱ्यावरच्या पानासारखी डुलते. पाहुणे कपाटासमोर उभे राहून “कुठे आहेत?” विचारत आणि मुलगी बोट न दाखवता त्यांना शोधायला लावत असे. नर काही आठवडेच जगतात, त्यामुळे शेवटच्या दोन माद्या प्रौढ होईपर्यंत दोघेही संपले होते. नर लवकर आणि मादी उशिरा हे या कुळात नेहमीचेच.

अंडी ऑक्टोबरपासून पडू लागली. मादी ती झटक्याने दूर फेकते, आणि जाळीवर रात्री टकटक आवाज येतो. नराशिवायही या कीटकांची अंडी वाढू शकतात व त्यांतून माद्या निघतात, म्हणून ‘शेवटच्या दोघींची अंडी वाया गेली’ असे धरून ती कचऱ्यात टाकता येत नाहीत. डिसेंबरपर्यंत ४१० अंडी जमली होती. मुलीची इच्छा ती बिचोलीच्या बाजूच्या एखाद्या बागेत सोडण्याची होती. मी ठाम नकार दिला. हा माळव्याचा जीव नाही. तो पेरू आणि आंबा खातो. टिकला तर बागाईतदाराला त्रास, आणि न टिकला तर मेमध्ये शेकडो पिल्लांचा पहिल्या आठवड्यातच अंत. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी वीस अंडी वाळूच्या डब्यात ठेवली, चाळीस कोडगूला मावशीकडे परत पाठवली, आणि उरलेली प्लॅस्टिकच्या डबीत घालून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवल्यावर ओल्या कचऱ्याच्या गाडीत दिली. थंडीत घरात १७ अंश झाले, तेव्हा कपाटाच्या बाहेर पंधरा वॅटचा बल्ब लावला.

दरम्यान कोणी मला विचारले की मुलांसाठी पर्णकीटक आणावा का, तर मी आधी काडीकिडा, म्हणजे वाळक्या काडीसारखा दिसणारा त्याचा भाऊबंद, सुचवतो. युरोपातील शाळांच्या वर्गांत शंभराहून अधिक वर्षे पाळला जाणारा ‘इंडियन स्टिक इन्सेक्ट’ मूळचा तामिळनाडूचा आहे. तो खाण्यापिण्यात, आर्द्रतेत आणि कात टाकण्यात कितीतरी सोशिक असतो. पर्णकीटकाला हाताळण्याची गरज नसते, आवाज नाही, वास नाही, रोजचे काम दहा मिनिटांचे. या अर्थाने तो सोपाच आहे. प्रश्न त्याच्या भोवतीच्या चार भिंतींचा असतो. म्हणून आता मी आधी पाच गोष्टी विचारतो : उन्हाळ्यात खोलीत कूलर आहे की एसी, डासांसाठी काय लावता, पेरूचे झाड कोणाचे व त्यावर फवारणी होते का, मुंग्या कोठून येतात, आणि अंडी वाढली तर फ्रीजरमध्ये टाकण्याची तयारी आहे का. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक पालक थबकतात.

३० डिसेंबरला चार माद्या जिवंत होत्या. तुटक्या पायाचे पिल्लू त्यांतलीच एक. तिचा डावा मागचा पाय उजव्यापेक्षा सहा मिलीमीटर आखूड आहे. वाळूतल्या वीस अंड्यांच्या डब्यावर मुलीने तारीख, ‘एप्रिल?’ आणि खाली लाल शाईने ‘मशीन नाही’ असे लिहून ठेवले आहे.